वन्संचा राग आणि माझं मत

आमच्या धाकट्या वन्संच्या रागावर कोपरगाव तालुक्यातला एखादा साखर कारखाना अख्खा हंगाम चालला असता. बॉयलरमध्ये दुसरं काही घालायची गरजच पडली नसती. मी नगरच्या माणसांच्या गर्दीतून लग्न होऊन त्या उसाच्या गावात आले, तेव्हा आईनं मला नणंदांविषयी ज्या सूचना दिल्या होत्या त्यातली एकही मला उपयोगी पडली नाही. नणंदा म्हणे भाजीत खोट काढतात. आमच्या वन्संना भाजीत मीठ आहे की नाही हेसुद्धा कळत नसे. भाकरी करपली तर त्या मुकाट्यानं खात. पण आमदार निवडून आल्यापासून गावात फिरकला नाही हे आठवलं की ताट सरकवून उठत. मग सासूबाई माझ्याकडे बघत आणि मी आमदाराच्या वतीनं अपराधी चेहरा करून बसे.

त्या कोपरगावला कॉलेजात जात, राज्यशास्त्र शिकत. गावात वर्तमानपत्र एसटीनं दुपारी येई. ते त्या उभ्यानं आणि मोठ्यानं वाचत, आणि वाचता वाचता त्याच्याशी भांडत. "खोटं बोलताय!" "लाज नाही वाटत?" "कालव्याचं पाणी कुठं मुरलं ते सांगा की!" असं चाललेलं असे. पहिल्या दिवशी घाबरून मी पदर सावरत बाहेर धावले; मला वाटलं, दारात कुणाशी तरी जुंपली. ओट्यावर वन्सं आणि पेपर, दोघंच. सासूबाई आतूनच म्हणाल्या, "कोन न्हाई गं. मुंबैचं सरकार हाय. जाईल आता."

रागाची एक खूण मी पुढे ओळखायला शिकले. वरवरचा राग असला की त्या कॉलेजातलं शुद्ध मराठी बोलत. राग खरा असला की ते सगळं गळून पडे आणि 'न्हाई', 'व्हय' सुरू होई. एकदा एसटीचा ड्रायव्हर आमच्या फाट्यावर गाडी न थांबवता निघून चालला होता, रोजच जायचा. वन्सं सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. गाडी करकचून थांबली. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "मरायचंय का?" वन्सं म्हणाल्या, "न्हाई. कोपरगावला जायचंय." त्या दिवसापासून गाडी थांबू लागली. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी त्यांना आशीर्वाद दिले, आणि आपापल्या मुलांना बजावलं की असली बायको करू नका.

मुलगे बघायला येत नसत असं नाही. शेती बागायती, घर चांगलं, मुलगी उजळ. एक जण तर नोकरीवाला होता. पोह्यांची बशी त्याच्या हातात देऊन वन्सं समोर बसल्या. वडीलधाऱ्यांनी नेहमीचं विचारलं, स्वयंपाक येतो का, शिवण येतं का. ते झाल्यावर वन्संनी त्या मुलाला विचारलं, "मागच्या वेळी तुम्ही मत कुणाला दिलं?" तो बावरला. म्हणाला, "वडील सांगतील त्याला देतो आम्ही." वन्सं उठल्या, त्याच्या हातातली बशी अलगद काढून घेतली आणि त्याच्या वडिलांपुढे ठेवली. "मग हेही तेच खातील." पाहुणे गेल्यावर घरात जो कल्लोळ झाला त्यात मी तोंडात पदर कोंबून चुलीपाशी बसले होते. हसू दाबण्यासाठी, पण सासूबाईंना वाटलं, रडते आहे, आणि त्या दिवशी त्यांना माझ्याविषयी फार माया दाटून आली.

पण वन्संचा सर्वांत मोठा राग त्यांच्या स्वतःच्या वयावर होता. त्या वीस वर्षांच्या होत्या आणि तेव्हा मताचा हक्क एकविसाव्या वर्षी मिळे. "सोळाव्या वर्षी आमची लग्नं लावता," त्या म्हणत, "जन्माचा मालक गळ्यात बांधता, तेव्हा नाही वय आडवं येत. पाच वर्षांचा आमदार निवडायला मात्र आम्ही लहान!" बहात्तर साली विधानसभेची निवडणूक आली, आणि स्वतःला देता न येणाऱ्या त्या मताचा सगळा जोर वन्संनी माझ्यावर काढला. मी तेवीस वर्षांची, मॅट्रिक झालेली. मला अजून एकदाही मत द्यायला मिळालं नव्हतं. मी सहज म्हणून गेले, "मालक सांगतील त्या चित्रावर शिक्का मारायचा, त्यात काय?" झालं. त्यानंतर दोन महिने माझी शिकवणी चालली. भाकरी थापताना, धुणं धुताना, गोठ्यात. कोण उमेदवार काय बोलला, कोणी काय केलं नाही, आणि शेवटी दरवेळी एकच धडा: "कुणाला देणार ते सांगायचं नाही. दादाला नाही. आईला नाही. मलासुद्धा नाही." मग लगेच, "बरं, कुणाला देणार?" मी सांगायला तोंड उघडलं की खेकसत, "आत्ता काय शिकवलं तुम्हाला?"

आमच्या मळ्याच्या बांधाला त्या हंगामात पाथर्डीकडची ऊसतोडीची टोळी उतरली होती. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ही माणसं गाव सोडून येत आणि उसाच्या पाचटाच्या कोप्या घालून उन्हाळ्यापर्यंत राहत. त्यांच्यात कौसा नावाची एक बाई होती, माझ्याच वयाची, माहेर आणि सासर एकाच गावात असलेली. ती पाणी न्यायला विहिरीवर यायची तेव्हा वन्सं तिच्याशी बोलत बसत. एक दिवस वन्संनी तिला विचारलं, "मतदानाला गावाला जाणार ना?"

कौसा हसली. "आमाला कुटलं मतदान, ताई? त्ये व्हतंय तव्हा आमी हितं आसतो."

"मग इथं देता?"

"हितं आमचं नाव न्हाई."

"म्हणजे कधीच नाही दिलं?"

"आमच्या आयनं बी न्हाई दिल्यालं, ती बी तोडीलाच आसायची. निवडनूक यिती ती तोडीच्या दिसांतच यिती."

वन्सं विहिरीवरून घरी आल्या त्या पाय आपटत. इतके दिवस आमच्याच घरचा ऊस तोडणारी माणसं, आणि ही गोष्ट आपल्याला माहीत नव्हती, याचा राग त्यांना सरकारच्या रागापेक्षा जास्त आला होता. दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून त्या कारखान्यावर गेल्या, शेतकी खात्याच्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या. मला सोबत नेलं होतं. साहेब म्हणाले, "मतदानाची सुट्टी मतदारांना असते. ही माणसं इथले मतदार नाहीत."

"म्हणूनच त्यांना त्यांच्या गावाला जाऊ द्या म्हणते."

"ताई, गाळप थांबवता येत नाही."

"राज्य कोण करणार ते ठरतंय, आणि तुमचं गाळप थांबत न्हाई?"

'न्हाई' ऐकल्यावर मी वन्संचा हात धरला. साहेब बिचारे सभ्य होते. ते म्हणाले की सगळ्या टोळ्या सोडणं अशक्य. पण एखाद्या टोळीला ज्याचा ऊस तोडणं चालू आहे त्या शेतकऱ्यानंच दोन दिवस मोकळं सोडलं तर कारखाना आडवा येणार नाही. त्यांना वाटलं, असा शेतकरी जिल्ह्यात निघायचा नाही. त्यांना काय ठाऊक, तो शेतकरी त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या दोन बायकांपैकी एकीचा भाऊ आणि दुसरीचा नवरा होता.

आमचे मालक रागीट नव्हते. हसतमुख आणि सर्वांशी गोड. पण तोडीला आलेला ऊस रानात उभा ठेवायचा म्हटल्यावर तेही तापले. "साऱ्या तालुक्यात तुला माजाच ऊस सापडला?" वन्सं म्हणाल्या, "दुसरा भाऊ असता तर त्याला विचारलं असतं." शेवटी सासूबाई दळण पाखडता पाखडता म्हणाल्या, "जाऊ दे रं त्यान्ला. उसाला काय पाय फुटत्यात का दोन दिसांत? पोरींना आया भेटतील." सासूबाईंच्या त्या एका वाक्यावर राज्यघटनेचं काम झालं. त्यांनी अट मात्र घातली: तरणी पोर ट्रकात एकटी जायची नाही, सून सोबत जाईल.

त्या साली पूर्वेकडे, पाथर्डीच्या बाजूला, पाऊस झालाच नव्हता. आमच्याकडून उसाचं वाढं, म्हणजे वरचा हिरवा शेंडा, चाऱ्यासाठी ट्रक भरभरून तिकडे जात होतं. तसल्याच एका ट्रकवर, वाढ्याच्या गंजीवर, टोळी चढली. बायका नटल्या होत्या. खरं सांगायचं तर मतासाठी त्यातली एकही चालली नव्हती. कुणाला आई बघायची होती, कुणाला सासूपाशी ठेवलेलं पोर. वन्संनी कौसाला विचारलं, "मत कुणाला द्यायचं ठरवलंस?" तर ती म्हणाली, "त्ये बघू तितं. आदी आय भेटू दे." वन्सं फणकारल्या, मग स्वतःच तिला हात देऊन वर घेतलं. मी चढायला लागले आणि वन्सं एकदम ओरडल्या, "वहिनी! उद्या तुमचंही मत आहे की!"

दोन महिने मला शिकवणाऱ्या या मुलीच्या ते आत्ता ध्यानात आलं होतं. त्या म्हणाल्या, "उतरा. तुम्ही यायचं नाही." मी म्हटलं, "मी उतरले तर सासूबाई तुम्हालाही उतरवतील." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागवायला समोर कुणीच नव्हतं, आणि राग नसला की वन्संचा चेहरा किती लहान दिसतो ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी चढले. माझं एक मत राहिलं तर राहिलं, इतक्या जणांची होतील, असा मी हिशेब केला. मला त्या हिशेबाचा थोडा अभिमानसुद्धा वाटत होता.

पाथर्डीच्या पलीकडे त्यांच्या गावात पोहोचलो तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. हिरवं म्हणून काही दिसेल तर आमच्या ट्रकवरचं वाढं. मतदान शाळेत होतं. मी आणि वन्सं कुंपणाशीच थांबलो, तिथल्या पोलिसानं वन्संना विचारलं, "तुम्ही इथल्या मतदार का?" त्या म्हणाल्या, "मी कुठलीच मतदार नाही. वय नाही." "मग इथून पुढं यायचं नाही." नियम होता, वन्संनी तो मानला. टोळी पुढे गेली. कौसा सर्वांत पुढे, डोक्यावरचा पदर घट्ट धरून.

ती लगेचच परत आली. "ताई, माजं मत झालंय म्हनत्यात."

"झालंय? कुणी दिलं?"

"म्याच दिलं म्हनं. सकाळच्या पारी."

तिच्यामागून एकेक जण बाहेर येऊ लागला. सगळ्यांचीच मतं झाली होती. तोडीला गेलेली माणसं परत येत नसतात, हे गावातल्या पुढाऱ्यांना पक्कं माहीत होतं. आणि दर निवडणुकीला ही माणसं, आपल्याला न कळता, नियमानं मत देत आली होती. कौसाच्या आईनं जन्मात मत दिलं नव्हतं असं ती म्हणाली होती ना? दिलं होतं की. प्रत्येक वेळी दिलं होतं.

त्यानंतर वन्सं जे ओरडल्या ते मी लिहीत नाही. शुद्ध मराठीचा मागमूस नव्हता. कॉलेजात एका प्राध्यापकांना भंडावून त्यांनी नियम विचारून ठेवला होता: आपलं मत दुसऱ्यानं दिलं असेल तर मतदाराला वेगळी मतपत्रिका मिळते. ओळख पटवायची, आणि मागायची. "कौसा, आत जा! सांग, बोटाला शाई न्हाई, बघा म्हनावं! दुसरी पत्रिका दिल्याबिगर उठू नको!" पोलीस गोंधळला. बाईमाणूस, तिनं रेषाही ओलांडली नव्हती. तो फक्त म्हणाला, "ताई, जरा हळू ओरडा."

कौसा आत गेली आणि खोलीच्या उंबऱ्यावर बसली. मतदान थांबलं. उमेदवारांची माणसं ओरडू लागली, "हिला उचला!" आणि तिचा आवाज बाहेर आमच्यापर्यंत आला. तोवर मला वाटायचं, रागावणं फक्त वन्संनाच येतं. "म्या जित्ती हाय का मेली ते सांगा! जित्ती आसंल तर मपलं मत म्याच देनार! ज्यानं दिलं त्येला आना हितं, माज्या नवऱ्याच्या नावाचं कुकू लावून!" आतल्या केंद्राध्यक्षांना, म्हणजे कुठल्याशा शाळेच्या मास्तरांनाच, घाम फुटला असावा. थोड्या वेळानं कौसा बाहेर आली. तिनं मत दिलं होतं. तिच्यामागून बाकीच्यांनाही पत्रिका मिळाल्या. बोट उंच धरून ती आमच्याकडे बघून हसली आणि मग वळून आईच्या घराकडे धावत सुटली. पायातली एक वहाण निसटली ती तिनं उचललीसुद्धा नाही.

वन्संचं त्या वेळचं तोंड बघण्यासाठी मी दहा मतं ओवाळून टाकली असती. पण तेवढ्यात ते मास्तर पाणी प्यायला बाहेर आले. वयस्कर, थकलेले गृहस्थ. वन्संजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाळ, तू शिकलेली दिसतेस. म्हणून सांगतो. त्या पत्रिका मोजत नाहीत. वेगळ्या पाकिटात ठेवतात. उद्या कुणी कोर्टात गेलं तरच उघडायच्या."

"मग देता कशाला?" वन्सं म्हणाल्या.

"नियम आहे."

नियमाचा हा अर्धा भाग वन्संनी विचारलाच नव्हता. मला वाटलं, आता स्फोट होणार. त्या वळून ट्रककडे चालू लागल्या. परतीच्या वाटेवर रिकाम्या ट्रकात कौसा सगळ्यांना आपण कशा बसलो ते पुन्हा पुन्हा सांगत होती. आईनं डोळ्याला पदर लावला ते सांगत होती. वन्सं ऐकत होत्या, मान डोलवत होत्या. तिला त्यांनी ते सांगितलं नाही. कधीच सांगितलं नाही. मीही नाही.

घरी पोचलो तर मालक ओट्यावर बसलेले, राग निवळलेला, नेहमीसारखे हसतमुख. "झालं का दौऱ्याचं काम?" त्यांनी बहिणीला विचारलं, आणि मग माझ्याकडे वळून अगदी मायेनं म्हणाले, "तू बी काळजी करू नगंस. तुजं मत वाया जाऊ दिलं न्हाई आमी. शेजारच्या आळीतली एक बाई उभी केली तुज्या नावावर."

वन्संनी भावाकडे पाहिलं. त्या तिथंच पायरीवर बसल्या. दिवसभर परक्या गावात ज्यांच्यावर त्या ओरडल्या होत्या, तसलीच माणसं इथं आपल्या ओट्यावर सुपारी कातरत बसली होती, आणि त्यांना आपण काही वाईट केलं असं वाटतही नव्हतं. कुणीतरी ओरडायला हवं होतं. मग माझ्याच कानांवर माझा आवाज आला.

"ते माझं होतं!"

मालक दचकले. लग्न झाल्यापासून मी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. "आगं, पन तू बी त्यालाच दिलं आसतंस की."

"कुनी सांगितलं तुमाला?" मी नगरची, मॅट्रिक झालेली, माझ्या तोंडी हे 'कुनी' कुठून आलं, मला कळलं नाही. "कुनाला दिलं असतं ते तुमी मला इचारलं व्हतं? त्या कौसाचं मत चोरणारे चोर, आन् तुमी कोन? माज्या नावानं दुसरी बाई उभी केली! उद्या माज्या नावानं तिलाच नांदवा घरात!" सासूबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मी आणखी पुष्कळ बोलले. मालकांनी मान खाली घातली. ते माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत, मी त्यांच्याशी त्याहून जास्त दिवस बोलले नाही. आणि मी कुणाला मत देणार होते ते मात्र त्यांना आजतागायत कळलेलं नाही.

निकाल लागला तो लागायचा तसाच लागला, आमच्याकडेही आणि पाथर्डीकडेही. पुढच्या वर्षी वन्संचं लग्न झालं. राहुरीकडचा मुलगा होता. पोह्यांची बशी हातात घेतल्यावर त्यालाही तोच प्रश्न आला, मत कुणाला दिलं? तो म्हणाला, "ते गुप्त असतं. सांगणार नाही." वन्संनी तिथंच होकार दिला, त्याची शेती किती, नोकरी कसली, हे नंतर आम्हीच विचारून घेतलं.

त्यानंतर आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक आली तेव्हा त्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या. आता त्यांचं एकविसावं उलटून गेलं होतं. पण लग्न झालं म्हणून माहेरच्या यादीतून त्यांचं नाव काढलं होतं, आणि सासरच्या यादीत ते अजून चढलं नव्हतं. म्हणजे दोन्ही गावांच्या हिशेबी त्या कुठंच नव्हत्या. मी हे ऐकून पेटले. चावडीवर जाऊन तलाठ्याशी भांडले. वन्सं म्हणाल्या, "राहू द्या, वहिनी. मी राहुरीला ह्यांना लिहिलंय. होईल." त्यांना चालताना धाप लागत होती. तरी मतदानाच्या दिवशी माझ्यासोबत शाळेपर्यंत आल्या आणि बाहेर लिंबाखालच्या दगडावर बसल्या.

मी मत देऊन बाहेर आले. आता विचारतील, कुणाला दिलं, असं मला वाटलं. आणि मी सांगायला तोंड उघडलं की खेकसतील. मी त्याची वाट बघत होते. त्या उठल्या, माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि आम्ही हळूहळू घराकडे निघालो. पाणंदीच्या वळणावर त्या थांबल्या.

"वहिनी," त्यांनी विचारलं, "आत कसं असतं हो?"

मी सांगितलं. एक टेबल असतं. नाव विचारतात. पुठ्ठ्याचा आडोसा असतो, त्याच्यामागे आपण एकटं उभं राहायचं. शिक्का असतो, तो ओला असतो, जरा जपून उचलायचा. घडी घालायची आणि पेटीत टाकायची.

"एकटंच?"

"एकटंच. कुणी बघत नाही."

त्यांनी वळून शाळेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "चला. ऊन लागतंय," आणि पुन्हा माझ्या खांद्यावर हात ठेवला.